वाकड्या तारेचा गोल

सगळी गल्ली तिच्या नवऱ्याला टर्नर म्हणायची, म्हणून ती आपोआप टर्नरीण झाली होती. लेथवर लोखंड गोल कातण्यात आयुष्य काढलेला माणूस महिन्यापूर्वी सकाळी उठला, तो अर्धा चेहरा झोपेतच ठेवून. डावा गाल लोंबला, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला, आणि टर्नरांनी खोलीबाहेर पाय टाकणं सोडलं. नव्या पोरांना शिकवायला कारखान्यातून बोलावणं आलं, तेही परतवलं.

"रोज फुंकायचं," नर्सबाई फुगा देऊन बजावून गेल्या होत्या. "काम दिलंत तरच गाल ताळ्यावर येईल."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" टर्नरांनी भिंतीकडे तोंड केलं.

टर्नरीण पिच्छा सोडणारी नव्हती. उठता-बसता तिची भुणभुण. शेवटी वैतागून ते म्हणाले, "निसर्गात एक तरी खरा गोल दाखव. दाखवलास तर फुंकीन."

निसर्गाला गोल जमत नाही, तो लेथवरच होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

तिनं वाटाणा आणला, द्राक्ष आणलं, संत्रं आणलं. टर्नर तेलकट फडक्यातून व्हर्नियर, दोन जबड्यांची ती बारीक मोजपट्टी, काढायचे. त्याला हात लावायची तिला बंदी. पाण्याचा थेंब तर लांबच, गंज चढेल म्हणून. दोन बाजूंनी माप घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "नापास." मोहरीचा दाणासुद्धा नापास झाला. वाटाणा तर त्यांनी खाऊनच टाकला.

एकदा भांडी घासताना फेसातून एक बुडबुडा तिच्या नाकासमोरून वर गेला. तिनं भांडी तशीच टाकली, हँगरच्या तारेची कडी वळली आणि वाटीत साबणाचं पाणी घेऊन खोलीत शिरली.

"ही कडी? बटाटा आहे नुसता!"

"असू दे बटाटा. यातून काय निघतं ते बघा." तिनं चूल पेटवल्यासारखी फुंकर घातली. फट्. पुन्हा फट्.

"अगं, हळू! वादळ आणतेस का? दे इकडे."

पहिल्यांदा नुसती थुंकी उडाली. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली. मग त्यांनी डावा ओठ चिमटीत धरला आणि बेतानं फुंकलं. वाकड्या तोंडातून, वाकड्या तारेतून एक बुडबुडा सुटला, थरथरला, सावरला आणि गोल झाला.

"साबण दुकानातला आहे," टर्नर पुटपुटले.

"साबण दुकानातला. गोल कुणी केला? ती तार बघा, आणि आरशात तोंड बघा."

"मापल्याशिवाय मानणार नाही."

व्हर्नियर टेकताच बुडबुडा फुटला. दुसराही. तिसराही. कोरडं लोखंड त्याला सोसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. हातातल्या व्हर्नियरकडे ते क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी तो सरळ साबणाच्या पाण्यात बुडवला.



पुढचा बुडबुडा ओल्या जबड्यांमध्ये अलगद थांबला. त्यांनी आकडा वाचला, व्हर्नियर आडवा फिरवायला गेले, आणि फट्.

"एकच बाजू झाली!" ते गुरगुरले. हनुवटीवरून फेस नि लाळ ओघळत होती, पुसायचं भानही नव्हतं. "एका बाजूनं गोल ठरत नाही. वाटी भर."

तिनं मोठं पातेलंच भरून आणलं.