वजन आणि वेग

आमचा सिरिंज पंप तान्ह्या बाळांना थेंबाथेंबाने औषध देतो. त्याला दोन आकडे लागतात, बाळाचं वजन आणि औषधाचा वेग. दोन्ही दशांशातले. आमच्या वरिष्ठांना सगळे घाईमास्तर म्हणतात. त्यांनी पंपाच्या प्रोग्रामात, सी या संगणकी भाषेत, टाइपडेफ करून दोन्ही आकड्यांना वेगवेगळी नावं दिली आणि हात झटकले.

"सर, टाइपडेफ म्हणजे नुसतं टोपणनाव," मी म्हटलं. "आत दोन्हीकडे साधा आकडाच. वजनाच्या जागी वेग गेला तरी प्रोग्राम तपासून घेणारा कंपायलर हूं की चूं करणार नाही. प्रत्येकाचं वेगळं स्ट्रक्चर, स्वतंत्र साचाच करू, म्हणजे चुकलं की तो अडवेल."

"एवढ्याशा आकड्याला अख्खं स्ट्रक्चर? उगाच खुसपट काढू नकोस. चाचणीत पास झालंय."

असं कुणी बोललं की माझं डोकंच फिरतं. त्याच सकाळी वॉर्डातल्या एका पंपात हा नवा प्रोग्राम भरला होता, आणि त्या पंपावर होती माझ्या भावाची वेळेआधी जन्मलेली मुलगी. जेवण बाजूला ठेवून मी स्ट्रक्चरं लिहून काढली.

कंपायलर एका ओळीवर अडला. वेग हवा तिथे वजन जात होतं आणि वजन हवं तिथे वेग. ओळ सिरिंज बदलल्यावरच चालणारी. चाचणीत आम्ही शहाण्यांनी वजनही दोन धरलं होतं आणि वेगही दोन! मग अदलाबदल दिसणार कशी?

भावाला फोन लावला.

"सिरिंज बदलली का रे?"

"नाही ताई. सिस्टर आत्ताच नवी घेऊन आल्यात. का गं?"

"थांबव त्यांना! पंपाला हात लावू देऊ नकोस. त्यांना फोन दे आधी."

सिस्टरनी ऐकून घेतलं आणि 'बरं' म्हणून फोन भावाच्या हातात दिला. मग नुसती धावपळ ऐकू येत होती. घाईमास्तर माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जुना पंप जोडला," भाऊ शेवटी म्हणाला. "औषध नीट जातंय म्हणाल्या."

माझा जीव भांड्यात पडला. घाईमास्तर शेजारच्या खुर्चीत मटकन बसले.

"ताई, अगं बघ ना, जांभई देतेय!"

फोनवर जांभई कशी बघू रे गधड्या, असं म्हणायला गेले आणि हुंदकाच फुटला.