माणसं नसलेला फोटो

अमेरिकेहून बायकोला घेऊन आलेल्या हेरंबला सुहासिनीआत्या रविवारी संध्याकाळी कमाटीबागेत घेऊन गेली आणि पस्तावली. भाच्याने फाटकापाशीच नाक मुरडलं, ते काही सरळ होईना. हिरवळीवर चादरी अंथरून अर्धं बडोदं डबे उघडून बसलं होतं, छोट्या आगगाडीपाशी पोरांचा कल्ला चालला होता, आणि हा आमच्याकडे बागा किती शांत असतात ते ऐकवत होता. लहानपणी याच हिरवळीवर परक्यांच्या डब्यांतलं खाऊन पोट भरायचा मेला.

शेजारच्या चादरीवरच्या बाईंनी "लो ने, बेटा" म्हणत थेपला पुढे केला, तर त्याची बायको चारुलता घाईघाईने दोन पावलं मागे सरली. थेपला आत्याने घेतला आणि मुद्दाम मिटक्या मारत खाल्ला.

मग हेरंबने तिच्या हातात फोन दिला. "आत्या, आमचा दोघांचा फोटो काढ. फक्त त्यात ही माणसं यायला नकोत."

आत्याने तेलकट बोटांनी फोन उंच धरला, बटण दाबलं आणि परत केला. फोटोत झाडाचा शेंडा होता आणि वर आभाळ.

"यात आम्ही कुठे आहोत?"

"माणसं नकोत म्हणालास," आत्या म्हणाली. "अजून तरी तुम्हाला मी माणसांतच धरते."