डुलाच्या क्रोटनची चोरी

चोरी झाली असं आमच्या ह्यांनी परसातून ओरडून सांगितलं, तेव्हा मी तांदूळ निवडत होते आणि निवडतच राहिले. ह्यांच्या मते आमच्याकडे नेहमीच काहीतरी चोरीला जात असतं आणि चोर नेहमी शेजारचा कुशाबा असतो. कुशाबाला स्वतःची काठी सापडत नाही, तो दुसऱ्याचं काय नेणार? पण ह्यांचा स्वभावच असा. बाजारात वजनकाट्याखाली वाकून बघणारा माणूस. माझाही स्वभाव काही फार वेगळा नाही म्हणा, पण मी निदान ओरडत नाही.

शेवटी हे आत आले आणि माझा हात धरून मला मागे घेऊन गेले. तांदळाचं सूप तसंच राहिलं.

ह्यांचं नाव गणपत. महाडमध्ये गणूदादा म्हणूनच ओळखतात. औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात ह्यांनी उभा जन्म रंग मिसळले, आणि निवृत्त झाल्यावर क्रोटनचं वेड घेतलं. क्रोटन म्हणजे लोक कुंपणाला लावतात ते रंगीत पानांचं झाड. ना धड फूल, ना फळ. मी म्हणायची, एवढी जागा आहे तर चार वांगी लावा. हे म्हणायचे, वांग्याच्या पोटी वांगंच येतं, त्यात बघायचं काय? क्रोटनचं बी लावलं की प्रत्येक रोप निराळं निघतं, आईवर जात नाही. तसली रोपं हे टोपलीभर वाढवायचे आणि दोनतीन वर्षं बघून बहुतेक उपटून टाकायचे.

त्यातलं एक मात्र राहिलं. त्याचं पान जवळजवळ काळं, मधली शीर गुलाबी. पान मध्येच संपतं, पुढे नुसती शीर दोऱ्यासारखी येते आणि तिच्या टोकाला पुन्हा एक इवलं पिवळं पान लोंबतं, कानातल्या डुलासारखं. हे त्याला डुलाची म्हणायचे. मोबाइलवर क्रोटनवाल्यांचा एक गट आहे, तिथे ह्यांनी फोटो टाकले. केरळातल्या एका जाणकारानं कळवलं की लोंबत्या पानाच्या जाती पुष्कळ आहेत, पण अशी रंगसंगती पाहण्यात नाही. मात्र एका झाडावरून नाव देता येत नाही. कलम करा, कलमावरही तेच पान टिकलं तर जात पक्की.

कलम करायला हे तयार नव्हते. कलम झालं की दुसऱ्याच्या हातात गेलं, असं ह्यांचं म्हणणं. त्यामुळे जगात डुलाची एकच, आणि ती आमच्या न्हाणीघरामागे.

त्या डुलाचीची भिंतीकडची फांदी गेली होती. मी म्हटलं, बकरीनं खाल्ली असेल. ह्यांनी मला वाकवून उरलेला खुंट दाखवला. काप साफ होता, आणि कापाशी साल गोल सोललेली. म्हणजे कोणीतरी गुटी बांधली होती. फांदीची साल सोलून तिथे ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळून बांधायचं, आणि मुळ्या सुटल्या की फांदी कापून न्यायची. मुळ्या सुटायला महिना दीड महिना लागतो.

"म्हणजे समजलं का गो तुला?" हे म्हणाले. "चोर एकदा नाय आला. येत-जात व्हता."

एवढे दिवस परसात ये-जा करणारा चोर बाहेरचा नसतो, हे मलाही कळलं. घरात आम्ही चौघं. मी, हे, आमचा अश्वजित आणि सून आम्रपाली. अश्वजित कारखान्यातून येतो, जेवतो, झोपतो. त्याला क्रोटन आणि कढीपत्ता यातला फरक सांगता येणार नाही. आम्रपाली औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. घरी आली की ती परसात कपडे वाळत घालते, भाजी तोडते. ह्यांचा गुडघा धरला तेव्हा झाडांकडेही तीच बघायची. आणि गेल्याच आठवड्यात ती एक उंच पिशवी घेऊन पोलादपूरला माहेरी गेली होती.

ह्यांनी हे सगळं जोडायला वेळ लावला नाही. त्यातून आम्रपालीच्या पांढऱ्या कोटावर एक तपकिरी डाग निघाला. क्रोटनचा चीक कपड्याला लागला की तसाच डाग पडतो आणि काही केल्या जात नाही. ह्यांचे सगळे सदरे तसेच आहेत. ती म्हणाली, कामावर आयोडीन सांडलं. हे म्हणाले, सांडायला बरं सापडलं. माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू? मुलगी शहाणी, घरात सगळं करणारी, पण उंच पिशवीत काय होतं हे तिनं मला आपणहून सांगितलं नव्हतं, आणि मी तेवढंच धरून बसले.

मग हे तिच्या मागे मागे फिरायला लागले. ती परसात गेली की हे दारात. ती फोनवर बोलायला लागली की ह्यांचा टीव्ही बंद. एका संध्याकाळी जेवताना ह्यांनी सरळ विचारलं, झाड माहेरी कुणाला दिलंस? आम्रपालीनं हातातला घास खाली ठेवला.

"बाबा, मी तुमच्या झाडाला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "पण चोर म्हणवून घेत मी या घरात राहणार नाही."

ती रडली नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली. अश्वजित बापावर ओरडला, मग माझ्यावर ओरडला, आणि शेवटी म्हणाला की रविवारी आम्रपाली पोलादपूरला जाईल, तो वसाहतीजवळ खोली बघेल, आणि मग तुम्ही आणि तुमची झाडं. आम्हाला एकच मुलगा. एका फांदीपायी घर फुटणार, हे मला समोर दिसत होतं. मी ठरवलं, चोर कोण ते आपणच शोधायचं. आम्रपाली असेल तर तिला दोन शब्द मी सुनावीन, नसेल तर ह्यांना सुनावीन.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाते सांगून मी पोलादपूरची एसटी धरली. विहिणीकडे गेले, चहा घेतला, आणि झाडं बघायला आवडतात म्हणून सगळं परस हिंडून आले. तुळस, जास्वंद, अळू. क्रोटनचं पान नाही. गप्पांत पिशवीचाही उलगडा झाला. आम्रपालीनं भाचीच्या शाळेसाठी तक्ते करून आणले होते, गुंडाळून. विहीण कौतुकानं सांगत होती आणि मला चहा कडू लागत होता.

परतताना हायवेला येसाजीची रोपवाटिका लागते. हा वरच्या वाडीतला शेतकरी. ह्यांच्याकडे बसून कलमं शिकला, आता आंब्याची, चिकूची रोपं विकतो. ह्यांच्याखेरीज डुलाचीची किंमत कळणारा जवळपास हा एकच. मला बघून त्यानं राम राम केला, खुर्ची दिली, आणि हिरव्या जाळीच्या मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"आत नको वैनी, चिखल हाय."

चार दिवसांत पाऊस नव्हता. मी त्याला बाजूला सारून आत गेले.

कोपऱ्यात इतर रोपांमागे एक क्रोटन होतं. हिरवट, मळकट पिवळं, काळ्याचा मागमूस नाही. मी मागे फिरणार होते. मग ह्यांचं बोलणं आठवलं. सावलीत क्रोटन रंग सोडतं. झाड ओळखायचं तर रंगावर जाऊ नये, पानाची घडण आणि शीर बघावी. मी वाकून खालचं जुनं पान उलटं केलं. शीर गुलाबी होती. जुन्या पानांना पुढे दोरा होता आणि दोऱ्याला डूल.

मी येसाजीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या ताटात जेवलास इथपासून सुरुवात केली. तो मान खाली घालून ऐकत होता. माझा दम संपल्यावर त्यानं झाडाच्या बुडाशी बोट दाखवलं. तिथे निळ्या कापडाची पट्टी अजून बांधलेली होती. ह्यांच्या कंपनीच्या जुन्या पँटीची. टोक आत खोचलेली गाठ. हे पायजम्यापासून डब्याच्या फडक्यापर्यंत सगळं तसंच बांधतात.

"गणूदादानीच आणून दिलंन, वैनी. रिक्षातून, मांडीवर घेऊन. म्हणाले, येसाजी, माझ्या डोक्यातून हल्ली गोष्टी सुटतात. उद्या माझ्या हातून हिचं काय बरंवाईट झालं तर एक तुझ्याकडं असूं दे. घरात बोलू नको. आणि मी इचारलं तरी मलाबी सांगू नको. मी मागून नेईन आणि झाड मारीन."

मी तिथल्याच पालथ्या घमेल्यावर बसले. राग होता तो कुठे गेला कळलं नाही. मागे मुंबईहून येताना हे आमच्या वीर स्टेशनला उतरले होते आणि रिक्षावाल्याला घर सांगता आलं नव्हतं, तो प्रकार आम्ही हसण्यावारी नेला होता. परसात शेवाळ लावताना, गुटी बांधताना हेच एकटे बसले असतील, आणि तेव्हा ह्यांना ठाऊक होतं. स्वतःचं काय होणार ते ओळखून माणसानं झाडाची सोय केली, आणि मग सोय केली हेच विसरला. मला मात्र ह्यातलं काही सांगितलं नाही. त्याचा मला फार, फार राग आला, आणि तो राग आला तेव्हाच मला रडू फुटलं. येसाजी बाहेर जाऊन उगाच पाणी मारत राहिला.

एसटीत बसून मी एकच विचार करत होते. घरी जाऊन खरं सांगायचं तर ह्यांना काय सांगायचं? चोर तुम्हीच आहात? आपल्या डोक्याचं काय होतंय हे एकदा ह्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलं होतं, आता मी पुन्हा सांगायचं, आणि उद्या विसरले की परवा पुन्हा? आणि नाही सांगितलं तर आम्रपाली जाणार. ह्यांना चोर हवाच होता. चोर मिळाल्याशिवाय हे तिचा पिच्छा सोडणार नव्हते.

स्वयंपाकघरात मी आम्रपालीला सगळं सांगितलं. आधी तिची माफी मागितली, पिशवीवरून आलेल्या संशयाचीसुद्धा. तिनं गॅस बारीक केला, मग म्हणाली, आई, बाबांना आपण डॉक्टरांकडे नेऊ, मी नंबर लावते. आणि मी पुढे काय करणार ते ऐकून म्हणाली, असं नका करू. मी म्हटलं, तू बाहेर येऊन बस फक्त.

हे खुर्चीत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, गुटी मी बांधली होती."

ह्यांनी मला खालून वर बघितलं. ह्यांचा माझ्यावर लगेच विश्वास बसेना.

"साल किती सोललीस?"

"अंगठ्याएवढी."

"शेवाळ कुठलं?"

"विहिरीच्या कठड्याचं."

"आणि बांधलंस कशानं?"

"तुमच्या निळ्या पँटीच्या पट्टीनं."

उभ्या आयुष्यात मी एकही गुटी बांधलेली नाही. पण इतकी वर्षं बघितलं होतं, ते कामाला आलं.  हे म्हणाले, येसाजीला दिलंस ना? मी म्हटलं, हो. हे उठले, आम्रपालीपुढे गेले आणि हात जोडले. म्हणाले, पोरी, मी म्हातारा चुकलो. तिनं ते हात धरले आणि तेव्हा ती रडली. अश्वजितनं खोली बघितली नाही.

मला मात्र माफी मिळाली नाही. परसाच्या दाराला कुलूप आलं, किल्ली आम्रपालीकडे. येसाजीनं झाड आणून दिलं, उन्हात आल्यावर त्यानं काळा रंग धरला, डूल टिकले. हे ते सगळ्यांना दाखवायचे. मी जवळ गेले की पुढे उभे राहायचे. कुशाबाची सुटका झाली. आता घरात काहीही हरवलं की चोर मी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि फार आशा दिली नाही. कितीतरी गोष्टी ह्यांच्या डोक्यातून सुटल्या, पण ही एक पक्की बसली. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. ज्या माणसाशी संसार केला त्यानं आपल्यापासून झाडं लपवावी, हे रोज बघायला सोपं नाही.

परवा दुपारी आम्रपाली कामावर होती. आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. ह्यांनी माझ्याकडे बघून हसून विचारलं, तुम्ही कुठल्या गावच्या? मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. शिवथरकडचं. हे खूश झाले, म्हणाले, माझी बायको तिकडचीच. मग खुर्ची जवळ ओढली, आत कोणी नाही ना बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"बाई, एक काम करा. माझ्या बायकोवर जरा नजर ठेवा. लाख मोलाची बाई हाय, पण झाडं चोरते."

ठेवते, मी म्हटलं.