काचेच्या पेटीतला खार

सायखेड्याची जमीन खारवट झाली, तसा कोंडाजी नाशकात आला. द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलात माशांची काचेची पेटी सांभाळायचं काम मिळालं. गुडघे गेलेल्या माणसाला स्टुलावर बसून होण्यासारखं.

मासे आणणारा मुंबईचा होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाबा, हे खोल दर्यातले नाहीत. किनाऱ्यालगतच्या खडकांत राहतात. एकेकाची कपार ठरलेली. दुसरा जवळ आला की चावतात."

"म्हंजे बांधावरून भांडणारे! आमच्याच गावचे की," कोंडाजी हसला होता.

समुद्राचं पाणी बनवायला मिठाची पिशवीही देऊन गेला होता तो.

पण उन्हाळा लागला आणि निळे मासे एकामागून एक उताणे होऊ लागले. शेवटी एकच उरला. तोही कपारीतून हलेना.

मालक मोतीरामशेठ म्हणाले, "कोंडाजीबाबा, हा मेला की पेटी काढू. दोन टेबलं बसतील तिथं."

"अन् मी?"

"तुम्ही मागं भांड्यांवर बसा."

उकिडवं बसायचं!

ओल्या फडक्यानं कोंडाजी काच पुसू लागला. वरच्या कडेला पांढरी खपली धरली होती. बोटानं खरवडून जिभेला लावली. खारट. आणि एकदम डोळ्यांपुढे आपलं वावर आलं. पाटाचं पाणी देत गेलो, ऊन पाणी पीत गेलं आणि खार तेवढा मागं राहिला. असाच पांढरा. उसाची पानं करपली होती.

पेटीतलं पाणी रोज बोटभर आटायचं. समुद्राचे मासे म्हणून कोंडाजी दरवेळी मीठ कालवूनच भर घालायचा.

"दोनदा तेच केलं का रं म्या," तो पुटपुटला.

त्यानं थोडं पाणी काढलं आणि बादलीत शिळं करून ठेवलेलं गोडं पाणी तांब्या-तांब्यानं ओतलं. एकदम नाही. पुढचे काही दिवस हेच चाललं. जमिनीला असं करता आलं नव्हतं.

एका दुपारी तो दगडावरचं शेवाळ काढायला हात घालत होता, तोच कपारीतून निळा झपकन आला आणि बोटाला चावला.

कोंडाजीनं हात मागे घेतला नाही. दमल्या आवाजात म्हणाला, "चाव बाबा. बांध तुझाच हे."