मला न दिसलेली वीज

मित्रांनो, मी एक जुना ब्रेकर आहे. दारामागच्या पांढऱ्या डब्यातला, डावीकडून तिसरा खटका. तारेला झेपेल त्याहून जास्त वीज जाऊ लागली की खटकन खाली पडायचे आणि वीज तोडायची, एवढेच माझे काम. लोक वर चढायला धडपडतात. माझे मोल मात्र वेळेवर पडण्यात.

मला या घरात आणले ते बाबांनी. ते वायरमन होते. माझ्याखाली त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली: ‘स्वयंपाकघर. एका वेळी दोनच.’ विजेची शेगडी, ओव्हन आणि किटली एकदम लागली की मी पडायचो. मग अंधारातून बाबांचा आवाज यायचा, “तिसरं कुणी लावलं?”

“आईनं!” लेक म्हणायची.

“ढकल माझ्यावर! किटली कुणाच्या हातात आहे?”

दर रविवारी सकाळी बाबा घरभर फिरून प्रत्येक सॉकेटच्या झाकणाला हाताची पाठ लावून बघायचे. “ताप नाही ना?” असे विचारायचे. आई म्हणायची, “लेकीचं कपाळ कधी इतक्यांदा बघितलं नाहीत.”

गेल्या वर्षी बाबा गेले. रविवारची ती फेरी थांबली. डब्यावर धूळ बसली.

मग लेकीने गॅलरीत चार मोठे सोलर पॅनेल लावले आणि त्यांची पिन तिथल्याच सॉकेटमध्ये खोचली. ते सॉकेट माझ्याच लाइनवर, माझ्या आणि स्वयंपाकघराच्या मधे. त्या दुपारी तिन्ही वस्तू एकदम चालल्या, आणि मी पडलो नाही.

“आई, बघ! बाबांच्या चिठ्ठीचं आता काही कामच उरलं नाही.”

तिला वाटले, सगळे सुधारले. मला कळते ती फक्त माझ्यातून जाणारी वीज. माझ्यातून पंधरा अँपिअर जात होते. पॅनेलचे सात गॅलरीतून परस्पर येऊन मिळत होते. भिंतीतल्या जुन्या तारेवर बावीसांचा भार, आणि मी आपला माझ्या सोळाच्या मर्यादेत म्हणून स्वस्थ. तार तापत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

असे तीन आठवडे गेले. एका रविवारी शेगडीजवळ उभ्या आईला काय आठवले कोण जाणे, तिने सॉकेटला हाताची पाठ लावली.

“अगं, याला ताप आहे.”

“खटका पडला नाही ना? मग ठीक आहे.”

“पडला नाही, त्याचीच भीती वाटते. आधी सगळं बंद कर. ते गॅलरीतलंही.”

बाबांचे जोडीदार पक्कडकाका आले. कमरेला सदैव पक्कड, म्हणून हे नाव. त्यांनी डब्यातून वीज तोडली आणि सॉकेट उघडले. तारेचे आवरण करपून ठिसूळ झाले होते.

“वहिनी, अजून आठवडाभर जरी...” त्यांनी ती तार लेकीला दाखवली.

लेक म्हणाली, “काका, मी बाबांच्या खटक्यावर विसंबले.”

“खटका इमानी आहे गं. पण मागच्या दारानं कोण आलं, ते पुढच्या दारावरच्या राखणदाराला कसं कळणार?”

काकांनी करपलेली तार बदलली. पॅनेलसाठी डब्यापासून वेगळी लाइन ओढली, तिला स्वतःचा ब्रेकर दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “याचीही वीस वर्षं झाली. नवा बसवू.”

“चिठ्ठी काढू नका,” लेक पटकन म्हणाली.

“छे! ती कशाला काढू? ती अजून खरी आहे.”

त्या चिठ्ठीशेजारी आता तिच्या अक्षरात दुसरी आहे: ‘पॅनेल. या लाइनवर दुसरं काही नको.’

मी हल्ली बाबांच्या हत्यारांच्या पेटीत असतो, त्यांच्या टेस्टरशेजारी. मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर भरवसा ठेवा, पण त्याला काय दिसत नाही, तेही जाणत्या माणसाला विचारा. पॅनेल जरूर लावा, ऊन सगळ्यांचे आहे. फक्त त्याला घरात यायची वाट नीट करून द्या. आणि सॉकेट तापलेले वाटले, तर स्वतः उघडू नका, मोठ्यांना हाक मारा.

रविवारी सकाळी पेटीत मला दोघींची पावले ऐकू येतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

“ताप?”

“नाही.”

“ताप?”

“नाही गं आई. चल, पुढचं.”