स्पंदनपेटीची पथ्यं

गुरूंनी दिवा नुसता बोटांत धरला आणि तो लख्ख पेटला. तार नाही, बटण नाही, काही नाही. बर्फाच्या कारखान्याच्या आवारात जमलेली अख्खी औद्योगिक वसाहत एका सुरात "अबब!" म्हणाली. मागचे लोक तर खुर्च्यांवर चढले.

"विश्वाची वीज फुकट आहे!" गुरू गरजले. अंगात हिरवा कोट, गळ्यात हिरवा टाय. "तुम्ही मात्र तारांना शरण गेलात, म्हणून तुमच्या कारखान्यांना कार्बनदोष लागलाय. प्रत्येकाने एक स्पंदनपेटी बसवा, दोष गेलाच समजा."

"दोघांत मिळून एक चालेल का?" लाँड्रीवाल्या वहिनींनी विचारलं.

"छे, छे! वाटून घेतली की स्पंदनं फाटतात, ताई."

वहिनींना हसू फुटणार होतं, पण पुढच्या रांगेकडे लक्ष गेलं आणि ते तिथंच विरलं. बर्फाच्या कारखान्याचे मालक, म्हणजे त्यांचे सख्खे दीर, डोळे मिटून डोलत होते. शेजारी बेकरीवाले काका रुमालाने डोळे टिपत होते. याच दोघांना वहिनींनी नाकदुऱ्या काढून एका योजनेला राजी केलं होतं. बर्फ करणारी यंत्रं जी उष्णता दिवसभर हवेत सोडतात, तिच्यावर लाँड्रीचं पाणी तापवायचं. त्यासाठीचा नळ बेकरीच्या आवारातून न्यायचा. बेकरीच्या ऐसपैस छतावर सौर पॅनेल बसवायची आणि ती वीज तिघांनी वापरायची. वर्गणीसुद्धा जमली होती. आता ती पेट्यांवर उधळली जाणार, आणि नळ नाही आला तर डिझेल पिणारा बॉयलर आपल्या लाँड्रीला कुलूप लावायला लावणार, हे वहिनींना स्वच्छ दिसत होतं.

"भाऊजी, जरा दमानं घ्या," त्या म्हणाल्या.

"वहिनी, माझ्याकडे आणि काकांकडे नमुन्याच्या पेट्या आधीच बसवल्यात. मीटर हळू फिरायला लागलंय! मी या डोळ्यांनी बघितलंय. पुढच्या सभेत वर्गणी गुरूंना देऊन टाकायची, ठरलं."

आता मीटर काही कुणाच्या भजनी लागत नाही, हे वहिनींनाही मान्य होतं. त्यामुळे त्या गडबडल्या. आपणच आडमुठेपणा करतोय की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं.

पेटीबरोबर पथ्यं होती. बर्फखान्याचं दार उघडं टाकायचं नाही, स्पंदनं गळतात. विजेची भट्टी रिकामी तापवत ठेवायची नाही, स्पंदनं रुसतात. यंत्रांच्या जाळ्या नेमाने धुवायच्या, नाहीतर स्पंदनं गुदमरतात. पेटीवरचं हिरवं कापड कुणीही सोडायचं नाही, सोडलं की पेटी मेलीच. मात्र ते कापड दर आठवड्याला स्वच्छ धुतलेलं हवं.

न सोडता धुवायचं कसं? गुरूंनी हा विचारच केला नसावा. जन्मात स्वतःचा रुमालही धुतला नसेल. शेवटी भाऊजींनी आणि काकांनी दोन्ही पेट्या कापडासकट लाँड्रीत आणून दिल्या.

"डोळे मिटून सोडा हं, वहिनी," काकांनी बजावलं.

पण लाँड्रीचाही एक नियम होता: आत काय आहे ते बघितल्याशिवाय कुठलाही कपडा पाण्यात जात नाही. वहिनींनी तो नियम पाळला, डोळे टक्क उघडे ठेवून. दोन्ही पेट्यांत निघाली वाळू. छान चाळलेली, वर थोडं अत्तर शिंपडलेली. वहिनी पोट धरधरून हसल्या. मग त्यांनी कापडं धुतली, कडक इस्त्री केली, त्यांत कपडे कडक करायच्या खळीचे त्याच मापाचे दोन भरलेले डबे गुंडाळले आणि मोठ्या भक्तिभावाने परत पाठवले.

पुढची सभा भरली. "मीटर आणखी खाली आलंय!" भाऊजींनी जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरूंनी काकांनी सोबत आणलेल्या पेटीवर तळहात ठेवला आणि ते नखशिखांत थरथरले.

"जागृत आहे का हो?" वहिनींनी अदबीने विचारलं.

"पूर्ण जागृत! हाताला झटके बसताहेत."

"मग जपून. खळ आहे ती." वहिनींनी कापड सोडलं. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: कॉलर कडक राहण्याची हमी.

मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं आवार हसायला लागलं.

"पण मग मीटर?" भाऊजी रडकुंडीला आले. "मीटर तर खरंच उतरलंय!"

"उतरणारच की! तुम्ही बर्फखान्याचं दार लावायला लागलात. जाऊबाई सांगून सांगून थकल्या, तेव्हा नाही ऐकलंत. तुम्ही जाळ्या धुतल्यात, काकांनी रिकामी भट्टी बंद ठेवली. वीज वाचवली पथ्यांनी, पेटी आपली फुकट मिरवत होती."

"आणि दिवा?" काकांनी शेवटचा आधार शोधला.

वहिनींनी पिशवीतून तसाच एक दिवा काढला. "वीज गेल्यावरही चालतो ना, तो हा. आत बॅटरी आहे. कुठल्याही विजेच्या दुकानात मिळतो." त्यांनी खालच्या धातूच्या टोकांवर ओलसर बोटं टेकवली आणि दिवा लागला. "टोकं अशी जोडली की आतल्या बॅटरीला वाटतं, वीज गेली. घ्या, तुम्हीही करा."

दिवा हातोहात फिरला आणि सगळ्यांच्या हातात पेटला. आवारात एकाएकी गुरूंचं पीक आलं. या गोंधळात मूळचे गुरू फाटकातून कधी सटकले, कुणाला कळलंच नाही.

भाऊजी मान खाली घालून उभे होते. "खरं सांगू, वहिनी? तिघांनी एकमेकांच्या भरवशावर धंदा करायचा, याची मला धास्ती वाटत होती. पेटीशी भांडण तरी होत नाही."

वहिनींना त्यांचा भयंकर राग आला होता, पण हे ऐकल्यावर तो ओसरला. "भांडणं होणारच, भाऊजी. तुमचं यंत्र बिघडलं की माझे कपडे तुंबणार, आणि मी कारखान्याच्या दारात येऊन आरडाओरडा करणार. पण काय बिघडलं ते आपल्याला उघडून बघता येईल. पेटीबाबत त्यालाच तर मनाई होती."

त्याच वर्गणीतून नळ टाकला गेला. पहिलं गरम पाणी आलं तेव्हा वहिनींनी बॉयलर स्वतःच्या हाताने बंद केला आणि त्या चक्क रडल्या. त्या पाण्यात चमत्कार कसलाच नव्हता, इतकी वर्षं वाऱ्यावर जाणारी उष्णता तेवढी होती.

तेव्हा मंडळी, फुकटची वीज घेऊन कुणी दारात आलाच, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि आत काय आहे ते दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला, तर वर्गणी खिशातच ठेवा आणि सरळ शेजारच्या कारखान्यात जा. तिथं वाया जाणारं काहीतरी तुमच्या कामाचं असेल, आणि ते दाखवायला शेजारी नाही म्हणणार नाही.