मनोगताची दोन पानं

हिमानीचा प्रबंध जमा झाला की तिचे मार्गदर्शक ओमप्रकाश सर यांना काय मिळणार होतं? आठवा विद्यार्थी. बढतीच्या फॉर्मातला शेवटचा रिकामा रकाना. शिवाय पाच वर्षं हिमानीने जी पायपीट केली, तिच्यावर मार्गदर्शक म्हणून फुकटचं नाव. एवढं असूनही सरांची हाव भागली नाही. प्रमाणपत्रावर सही करून झाल्यावर त्यांनी परस्पर टायपिंगवाल्याला फोन केला, "सुरुवातीला माझं मनोगत टाका. दोनच पानं."

धरमपेठेतल्या टायपिंग सेंटरच्या चंपतरावांनी ती टाकली. चंपतराव टाइपरायटरच्या जमान्यातले. कॉम्प्युटर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका दमात आकडे टाकत जायचा. चंपतराव सुरुवातीच्या पानांवर त्या आकड्यावर पांढरा चौकोन चिकटवून त्यात हाताने रोमन आकडा टाइप करायचे. असे चाळीस प्रबंध तरून गेले होते, कारण ते कोणी उघडलेच नव्हते.

विद्यापीठाच्या खिडकीवरच्या यमुताईंनी हा उघडला.

"ताई, अनुक्रमणिकेत तिसरं प्रकरण एक्क्याऐंशीवर, अन् इथं निघून राहिलं त्र्याऐंशीवर. रोमन पाच दोनदा. अन् पहिलं प्रकरण एकपासून पाहिजे, तुमचं पंधरापासून. मले घेता येत नाही."

"आज शेवटचा दिवस आहे हो! नोंदणी रद्द होईल माझी."

"म्हणूनच सांगून राहिली. पाचपर्यंत बसली आहे मी."

दुपारी एकला हिमानीने चारही प्रती चंपतरावांच्या टेबलावर आपटल्या. "काका, हे काय करून ठेवलं?"

"भडकता काहून मॅडम? दोन पानं मधात घुसली, पुढचं सारं दोननं सरकलं. दोनचा फरक कोण पाह्यते?"

"त्या बाईनं पाहिला ना!"

"मग व्हाइटनर आहे की."

"तुमच्या व्हाइटनरले लागो आग! उठा."

"कुठून?"

"खुर्चीवरून!"

तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, माउस फिरवायचा. सगळे पांढरे चौकोन आधी उडवले. पहिल्या प्रकरणाच्या अलीकडे सेक्शन ब्रेक टाकला, म्हणजे प्रबंधाचे दोन वेगळे भाग पाडले. पण पानाखाली आकडा येतो त्या पट्टीची मागच्या भागाशी असलेली लिंक तोडायची राहिली, आणि सगळा प्रबंध रोमन होऊन बसला. शेवटच्या पानाखाली अक्षरांची आगगाडीच उभी.

"एवढं तर रोमच्या राजानंही मोजलं नसंल," चंपतराव म्हणाले.

हिमानीने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. ते चहा सांगायला बाहेर गेले.

अडीचला लिंक तुटली. सुरुवातीची पानं रोमन, पहिलं प्रकरण एकवर. अनुक्रमणिका तिने हाताने जुळवली.

"भारी!" चंपतराव वाकून बघत म्हणाले. "म्हणजे आता समोर वीस पानं घातली तरी मागचं हलत नाही. सरांची दोन राहू द्या आरामात."

खरंच होतं. ती पानं आता कुणाच्या वाटेत नव्हती. हिमानीने ती पहिल्यांदाच वाचली. 'माझ्या कल्पनेतून साकारलेल्या या संशोधनास कु. हिमानी यांनी लेखनसाहाय्य केले.'

लेखनसाहाय्य! उन्हातान्हात गावोगावचे आठवडी बाजार हिंडली ती. सर तर कधी गाडीतून खाली उतरले नव्हते. तिने दोन्ही पानं निवडली आणि डिलीट दाबलं.

"मॅडम, सर काय म्हणतील?"

"म्हणू द्या. त्यांची सही झाली आहे."

पावणेपाचला यमुताईंनी नव्या प्रतींत तिसरं प्रकरण एकोणसत्तरवर सापडल्याचं पाहिलं आणि शिक्का मारला.

पण परीक्षकांची यादी पाठवणं मार्गदर्शकाच्या हातात असतं. सरांनी ती आठ महिने पाठवली नाही, त्यामुळे प्रबंध तपासायला गेलाच नाही आणि पदवी अडली. हिमानी केबिनपाशी गेली की म्हणायचे, "तुम्हाला तर सगळं स्वतःच करता येतं ना?" तोवर तिच्याच विषयाची कॉलेजातली जागा निघाली, भरलीसुद्धा.

आता हिशेब. चंपतराव फुकटात सेक्शन ब्रेक शिकले. सरांची दोन पानं गेली, बढती झाली. त्या दोन पानांपायी आठ महिने आणि एक नोकरी एवढं भरावं लागलं, आणि ते सगळं एकट्या हिमानीने भरलं.